फुलीवरची वाफ

सानगडीच्या हेमराज कापगतेला जुनी वस्तू विकण्याची कला होती. तसा तो साकोलीच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचा, पण गावात त्याचं नाव निघायचं ते या कलेपायी. चुलतभावाची भंगारात जायला निघालेली मोटरसायकल त्याने धुऊनपुसून, सीटवर नवं कव्हर चढवून, लाखनीच्या एका नव्या नवरदेवाला अशी खपवली की तो पोरगा वर चहा पाजून गेला. जुनं कपाट, जुना पंप, जुनी मळणीची मशीन, काहीही असो, लोक आधी हेमराजला विचारायचे. वस्तू दुकानदाराला विकायची नाही, वापरणाऱ्याला विकायची, एवढंच त्याचं शास्त्र. दुकानदार वस्तूत खोट पाहतो आणि वापरणारा त्या वस्तूसोबत स्वतःला पाहतो, असं तो मिशीतल्या मिशीत हसत सांगायचा.

भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघून दहा-बारा वर्षं झाली होती, त्या हिवाळ्यातली ही गोष्ट. धानाची कापणी सुरू होती आणि हेमराजची आई रुखमिणीबाई अंथरुणाला खिळली होती. दोन घास खाल्ले की तिला दम लागायचा. निजताना आधी एक उशी जास्त लागू लागली, मग आणखी एक, आणि शेवटी ती भिंतीला टेकून बसूनच झोपू लागली. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की हृदयाची झडप आवळत चालली आहे, ऑपरेशन लवकर करा, पुढचा महिना पाहू नका. शाळामास्तराला दवाखान्याचं बिल सरकारकडून परत मिळतं, पण आधी पदरचे भरायचे आणि मग वर्षभर त्या फाइलीच्या मागे हिंडायचं. हेमराजजवळ पदरचे तेवढे नव्हते.

तपासणीच्या मशीनमध्ये घालण्याआधी तिथल्या सिस्टरने अंगावरचं सगळं काढायला लावलं. बांगड्या निघाल्या, पोत निघाली, राहिली ती नाकातली फुली. मधोमध हरभऱ्याच्या डाळीएवढा हिरा आणि भोवती सोन्याची पाकळी. मधुकररावांनी, म्हणजे हेमराजच्या वडिलांनी, लग्नात ती रायपूरहून आणून घातली होती आणि तेव्हापासून ती नाकातून निघालेली नव्हती. मधुकरराव गेले तेव्हाही रुखमिणीबाईने तिला कुणाला हात लावू दिला नव्हता. मागची फिरकी गंजल्यासारखी घट्ट झाली होती. हेमराजच्या बायकोने, हर्षाने, साबण लावून लावून ती सोडवली, तेव्हा सासूच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

कापगत्यांच्या घरात फुलीची एक रीत होती. बाई गेली की तिची फुली थोरल्या सुनेने काढायची आणि तेरवीपर्यंत धानाच्या ढोलीत, खोल दाण्यांत, पुरून ठेवायची. त्याला ते फुली निववणं म्हणत. मग ती दुसऱ्या कुणी घालायला हरकत नसायची. पण ही रीत मेलेल्या बाईच्या फुलीची. जिवंत बाईची फुली काढून विकल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं, म्हणून तिची काही रीतही नव्हती.

विकायचं रुखमिणीबाईच बोलली. दवाखान्याच्या बाकावर नाकावर पदर धरून ती बसली होती, कारण बुच्च्या नाकाने ती आयुष्यात कुणाला दिसली नव्हती. हर्षाने भोकात घालायला कडुनिंबाची काडी आणली तर सिस्टरने तीही फेकायला लावली.

"विकून टाक बाबू," ती पदराआडून म्हणाली. "मीच नाई राहिली तं फुली काय चाटाची हाये?"

हेमराज पहिल्यांदा भंडाऱ्याला घनश्यामभाऊंकडे गेला. घनश्यामभाऊ बाजारातले जुने सराफ, कापगत्यांच्या घरच्या लग्नांचं सोनं त्यांच्याकडचंच. त्यांनी फुली चिमट्यात धरली, डोळ्याला भिंग लावलं आणि ती उलटसुलट फिरवून पाहिली. मग त्यांनी तोंडाजवळ नेऊन हिऱ्यावर हा करून वाफ सोडली. काच असेल तर ती वाफ थोडा वेळ बसून राहते आणि हिरा असेल तर बसते न बसते तोच उडून जाते. सराफ्यातली ही सगळ्यात जुनी परीक्षा, आणि हेमराजला तिच्यामागचं विज्ञानही ठाऊक होतं. हिरा उष्णता फार पटकन पसरवतो. वाफ उडाली. घनश्यामभाऊ म्हणाले, खडा अस्सल आहे, पाणीदार आहे, असे आता मिळत नाहीत. आणि मग त्यांनी जो भाव सांगितला तो ऐकून हेमराजला राग आला.

"सोन्याची मोड मी केव्हाबी घेतो, सर," घनश्यामभाऊ म्हणाले. "हिऱ्याले मोड नसते. मी हे फोडीन, सोनं वितळवीन, खडा पुडीत बांधून मुंबईवाल्याले देईन. तो हातावर जे टिकवीन ते."

बोलता बोलता त्यांनी फुली काळ्या मखमलीवर ठेवली होती. दोघांचंही लक्ष एकदमच तिकडे गेलं. हिऱ्यावर वाफ धरली होती. पांढरी, पातळ, कुणी नुकतंच तोंड जवळ नेल्यासारखी. ती विरली. थोड्या वेळाने पुन्हा धरली.

घनश्यामभाऊंनी ती मऊ कापडाने पुसली. खाली दिवा लावून पाहिलं, पंखा बंद केला. कुठे ओल असेल, ते म्हणाले. पण भंडाऱ्याच्या त्या कोरड्या थंडीत ओठ फुटत होते आणि मखमलीचा तुकडा खडखडीत होता. तिसऱ्या वेळी वाफ धरली तेव्हा त्यांनी चिमटा खाली ठेवला आणि फुली पुडीत बांधून परत केली. त्यांच्या बोलण्यातला व्यापार एकदम संपला होता. तुमसरला तांदळाच्या मिलवाल्यांच्या ललिताबाई होणाऱ्या सुनेसाठी जुन्या घडणीची हिऱ्याची फुली शोधतायत, त्यांना दाखवा, भावही चांगला येईल, एवढं सांगून त्यांनी पत्ता दिला. पायऱ्या उतरताना हेमराजने वळून पाहिलं तर घनश्यामभाऊ मोरीत हात धूत होते.

घरी आल्यावर हेमराजने फुली स्टीलच्या वाटीत ठेवली आणि टेबलाशी बसला. त्याला भीती वाटत नव्हती, उलट एखादं गणित चुकल्यावर वाटते तशी चीड येत होती. वाटी कोरडी होती. हवा कोरडी होती. वाफ मात्र येत होती आणि जात होती. तिला एक चाल होती. भराभर येई, मग मंद होई, मग बराच वेळ हिरा स्वच्छ राही, आणि मग एकदम दाट वाफ धरे.

ही चाल त्याच्या ओळखीची होती. मधल्या खोलीत आई भिंतीला टेकून झोपली होती. दुखणं वाढल्यापासून तिचा झोपेतला श्वास असाच झाला होता. आधी घाई, मग संथ, मग मधेच थांबायचा, इतका की ऐकणाऱ्याने उठून जवळ जावं, आणि मग एक खोल श्वास. डॉक्टरांनी सांगितलं होतं की या आजारात असं होतं.

त्याने हर्षाला बोलावलं आणि आईच्या खोलीच्या उंबरठ्यावर बसवलं. आईने श्वास सोडला की हात वर कर, एवढंच तिला सांगितलं. स्वतः तो ओसरीच्या टोकाला वाटी घेऊन बसला, जिथून आईचा श्वास ऐकू येत नव्हता. हर्षाचा हात वर जाई आणि हिरा पांढरा होई. हात खाली येई, हिरा निवळे. मग हात खालीच राहिला. हिरा लखलखत राहिला, त्यात अंगणातलं सगळं ऊन गोळा झालं. हेमराजला तो लखलखाट पाहवेना. तो अर्धा उठला. तेवढ्यात हर्षाचा हात वर गेला आणि त्याने न पाहताच ओळखलं की वाटीत वाफ धरली असणार.

हर्षा त्याच्याजवळ आली, तिने वाटीत पाहिलं, आणि तिला वेगळं काही सांगावं लागलं नाही.

"नका विकू," ती म्हणाली.

"मंग ऑपरेशन कायनं करू?"

उशांची रास आईच्या पाठीमागे होती आणि ती रोज थोडी पुढे झुकत होती. डोळ्यांसमोर माणूस बुडत असताना वाटीतली वाफ मोजत बसणं हेमराजला पटेना. शेजारच्या म्हाताऱ्या बायांना विचारून पाहावं, नाहीतर ढोलीत तरी ठेवावी, असं हर्षाने सुचवून पाहिलं. तो म्हणाला, ढोलीत मेलेल्या बाईची फुली ठेवतात.

तुमसरला जाण्यासाठी त्याने दुपारची वेळ निवडली. ती का निवडली हे त्याने हर्षाला सांगितलं नाही. दुपारी जेवून आई बसल्या बसल्या डुलकी घ्यायची आणि त्या झोपेत तिचा श्वास सगळ्यात जास्त लांबायचा. हिरा सगळ्यात जास्त वेळ स्वच्छ राहायचा तो तेव्हा.

ललिताबाईंचं घर मिलच्या आवारातच होतं. मिलची घरघर भिंतींतून येत होती आणि पडद्यांवर, खिडक्यांवर, शोभेच्या फुलांवरसुद्धा कोंड्याची पिवळसर धूळ होती. बाई मोठ्या प्रेमळ. त्यांनी पाणी दिलं, चहा दिला, आईच्या तब्येतीची चौकशी केली. हेमराजने खिशातला मऊ रुमाल काढला आणि त्यात फुली धरून तो पुसत बसला. रुमालाच्या कडेखाली त्याला हिरा दिसत होता. पांढरा. निवळला. पांढरा. निवळला. तो घडणीविषयी बोलत राहिला, रायपूरच्या कारागिराविषयी बोलत राहिला, हर्षाच्या खुणेची वाट पाहावी तशी वाट पाहत राहिला. मग हिरा निवळला आणि निवळलेलाच राहिला.

त्याने रुमाल बाजूला केला. ललिताबाईंनी फुली हातात घेतली, खिडकीशी नेली, स्वतः हा करून वाफ सोडून पाहिली. ती क्षणात उडाली. बाईंचा चेहरा फुलला. हेमराज खुर्चीच्या काठावर बसून होता आणि मनात एकच म्हणत होता, अजून नको आई, अजून थोडं थांब. फुली पुन्हा त्याच्या हाती आली, त्याने ती रुमालात घेतली, आणि रुमालाच्या आत ती ओली झाल्याचं त्याच्या अंगठ्याला कळलं.

आईचा श्वास अडला होता तेवढ्या वेळात त्याने हिरा दाखवला होता, आणि तो अडून राहावा असं मनात आणलं होतं. ही गोष्ट त्याने पुढे कुणालाच सांगितली नाही. घनश्यामभाऊंच्या तिप्पट भाव आला. ललिताबाईंनी फारशी घासाघीसही केली नाही. परतताना वरठीच्या कारखान्याचा धूर मागे पडला तेव्हा त्याला नेहमीसारखा आनंद झाला, जुनी वस्तू चांगल्या भावात गेल्याचा, आणि त्या आनंदाचीच त्याला किळस आली.

ऑपरेशन झालं. चांगलं झालं. डॉक्टर खूश होते. आईचे ओठ, जे महिनाभर निळसर होते, ते पुन्हा ओठांसारखे दिसू लागले. पाठीमागच्या उशा एकेक करून पेटीवर गेल्या. थोड्याच दिवसांत ती भिंत धरून का होईना चुलीपर्यंत जाऊ लागली आणि हर्षाच्या भाजीत मीठ कमी आहे म्हणू लागली. शेजारपाजारचे लोक हेमराजला म्हणाले, आईला वाचवलंस बाप्पा. त्यालाही तसंच वाटत होतं. हर्षाने सासूच्या नाकात कडुनिंबाची नवी काडी घातली आणि घर पुन्हा घरासारखं झालं.

मग थंडी वाढली. तलावावर धुकं उतरू लागलं. एका सकाळी तिघं अंगणात शेकोटीशी बसली होती. गोठ्यात गाय उभी होती, तिच्या नाकपुड्यांतून वाफेचे लोट निघत होते. हर्षा चहा ओतत काहीतरी सांगत होती आणि तिच्या प्रत्येक शब्दाबरोबर तोंडातून पांढरी वाफ निघत होती. हेमराजच्याही निघत होती. आई बोलत होती. यंदाच्या धानाला भाव नाही, बांधाची माती खचली आहे, असं बरंच काही ती हातवारे करून बोलत होती. तिच्या तोंडासमोरची हवा स्वच्छ होती.

हेमराजने चष्मा काढला आणि तो स्वच्छ करायचा आहे असं सांगून तिच्यासमोर धरला. आई, जरा हा कर, तो म्हणाला. तिने मनापासून हा केला. काचा कोरड्या राहिल्या.

त्याने स्टीलची थाळी धरून पाहिली, ती झोपेत असताना तिच्या नाकाखाली आरसा धरून पाहिला. छाती वरखाली होत होती. नाडी लागत होती. तपासणीला नागपूरला नेलं तर बोटाला लावलेल्या मशीनवर आकडे उत्तम आले, आणि मशीन चांगलं म्हणतंय, पेशंट चांगला म्हणतोय, तुम्हीच का घाबरता, असं डॉक्टरांनी त्याला हसत विचारलं. हेमराजने हर्षापासून हे लपवलं होतं. पण एक दिवस चुलीशी बसल्या बसल्या, वर न पाहता, ती म्हणाली की मी पण पाहिलं. त्यानंतर दोघांनी सकाळची शेकोटी आत, अंधाऱ्या पडवीत पेटवायला सुरुवात केली.

तुमसरचं लग्न लागलं त्या दिवशी त्यांना ते कुणी कळवलं नव्हतं. आईनेच कळवलं. कुणाच्या घरी हळद लागली, असं ती दुपारी नाक वर करून विचारू लागली. मग अत्तराचा वास फार येतो म्हणून ती खोकत राहिली. सानगडीत त्या दिवशी कुठेच लग्न नव्हतं.

पुढे कोंडा सुरू झाला. नाकात कोंडा जातो, ती म्हणायची आणि शिंकायची. घरातलं धान अजून ढोलीतच होतं, ते भरडायला काढलेलंही नव्हतं. हर्षा पुन्हा पुन्हा झाडू मारायची. आई म्हणायची, इथला नव्हे, त्या घरचा. कोणत्या घरचा ते तिला सांगता येत नसे.

रात्री तिची झोप उडू लागली. ती एकटीच, उताणी, कुठेही तोंड न दाबता झोपलेली असायची आणि तरी हात-पाय झाडत उठून बसायची. हर्षाने तिला विचारलं. तिने जे सांगितलं ते हर्षाने हेमराजला सकाळी जसंच्या तसं सांगितलं.

"म्हणे, कोणाची पोरगी हाये ते? माह्या तोंडावर तोंड ठेवून निजते. कुशीवर वळली की माहं नाक उशीत दबते. तिले म्हणा, सरळ नीज."

हेमराज त्या दिवशी शाळेत गेला, पण वर्गात त्याला शिकवता आलं नाही. मधल्या सुट्टीत त्याने ललिताबाईंना फोन लावला, लग्न कसं झालं असं सहज विचारायला केल्यासारखा. बाई छान बोलल्या, पण मग जरा अडखळल्या. फुली फार सुंदर दिसते, सगळे विचारतात, पण सुनेला ती काही मानवत नाही, म्हणाल्या. सारखी ओली होते. सकाळी उठते तर सुनेच्या वरच्या ओठावर दव पडल्यासारखं असतं. तुमच्या आईला काही संसर्गाचा आजार तर नव्हता ना, असं त्यांनी फार संकोचून विचारलं. हेमराजने नाही म्हटलं आणि मी ती परत घेतो, दिले तेवढे पैसे परत देतो, असं एका दमात सांगून टाकलं. ललिताबाईंना ते खरं वाटलं नाही. बघू, या एखाद्या दिवशी, त्या म्हणाल्या.

ऑपरेशनमध्ये सगळे पैसे गेले होते. हेमराजने शिक्षकांच्या पतसंस्थेत अर्ज टाकला, मोटरसायकल विकायला काढली, हर्षाने आपल्या पाटल्या काढून दिल्या. जो माणूस जुन्या वस्तूचा भाव कधी सोडत नसे त्याने आपली मोटरसायकल पहिल्या आलेल्या गिऱ्हाइकाला, तो म्हणेल त्या भावात दिली. गिऱ्हाइकाने ती दोन दिवसांनी नेतो म्हटलं, तेवढं एक बरं झालं.

शनिवारी दुपारी तो पतसंस्थेतून घरी आला तेव्हा आई अंगणात बाजेवर बसली होती. ऊन चांगलं पडलं होतं. ती दोन्ही कोपरं अंगाशी घट्ट दाबून, खांदे चोरून बसली होती, गच्च भरलेल्या गाडीत माणूस बसतं तशी.

"दिवा लाव वो," ती हर्षाला म्हणत होती. "एवढ्या लवकर काहून अंधार केला?"

तिचे डोळे उघडे होते. हेमराजने समोर हात हलवला तर पापण्या लवल्या. तिला दिसत होतं. तिने त्याला ओळखलंही. तरी ती दिवा मागत राहिली. त्यांनी तिला आत नेलं, दिवसाउजेडी घरातले सगळे बल्ब लावले, कंदीलही लावला. थोड्या वेळाने तिने मागणं सोडलं. मग ती बोलेचना. हर्षाने रात्रभर तिचा हात धरून ठेवला.

रविवारी उजाडताच हेमराज पैसे घेऊन त्याच मोटरसायकलवर निघाला. साकोली, लाखनी, भंडारा, वरठी, कुठेच तो थांबला नाही. तुमसरला पोचला तेव्हा मिल बंद होती आणि आवारात कुणी नव्हतं. ललिताबाई बाहेर आल्या. त्याने पैशांची पिशवी त्यांच्यासमोर धरली.

त्यांना त्याची कीव आली असावी. त्या म्हणाल्या, देते हो सर, मला काय करायची आहे. मग गालाला हात लावून म्हणाल्या की तुम्ही काल सकाळी यायला हवं होतं.

"सून घालेच ना. म्हणे वरच्या ओठावर कोणी फुंकर घालून राहिलं असं वाटते. मंग एवढी महागाची वस्तू घरात कायले ठेवाची? काल दुपारी बँकेत लॉकरमधी ठेवून आलो."

आज रविवार होता. आणि चावी सुनेच्या पर्समध्ये होती. नवराबायको काल संध्याकाळच्याच गाडीने फिरायला गेली होती, हप्ता-दहा दिवसांत परतणार होती. ललिताबाईंनी त्याच्यासमोर मुलाला फोन लावून पाहिला. तो लागला नाही.

हेमराज पायरीवर बसला.

"कशात ठेवली?" त्याने विचारलं.

"स्टीलच्या डबीत. फिरकीचं झाकण हाये, हवासुद्धा जात नाई आत. हालू नये म्हणून खाली-वर कापूस दाबून भरला." ललिताबाईंना वाटलं, त्याला वस्तूची काळजी आहे. त्यांनी प्रेमाने समजावलं. "तुम्ही चिंता नका करू. शंभर वर्षं तशीच राहीन."

त्याच्या खिशातला फोन वाजला.

हर्षा होती. कालपासून बोलत नव्हत्या, आता बोलतायत, तुम्हालाच मागतायत, ती म्हणाली. सारख्या नाकात बोटं घालून काहीतरी ओढतायत, रक्त निघालं. मी पाहिलं, नाकात काही नाही. तिने फोन आईच्या तोंडाजवळ धरला.

आईचा आवाज फार लांबून आला, पण शब्द स्पष्ट होते.

"बाबू, नाकातला कापूस काढा न रे. मी हाव न अजून."